संताजीचे अकरा जुलाब

इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत संताजी ढवळेला सगळे ‘टमरेल’ म्हणायचे. हे नाव मीच पाडलं. एका सकाळी तो हातात टमरेल घेऊन नळासमोरून तिसऱ्यांदा पळाला. मी म्हणालो, “टमरेल पुढं, संताजी मागं!” नळावरच्या बायापुरुषांनी हंडे खाली ठेवून हसून घेतलं. तेव्हा वाटलं, काय झकास बोललो. दुसऱ्याच्या पोटावर हसणं ही आमच्या गल्लीतली सगळ्यात फुकटची करमणूक होती, आणि तिचा मॅनेजर मी होतो.

माणूस दिसायला मात्र टमरेल नव्हता. सहा फुटाला एखादं बोट कमी, मिशा झुपकेदार, आवाज असा की साच्यांच्या खडखडाटातही ऐकू जावा. आजोबा होळकरांच्या पागेत होते. घरात त्यांची एक तलवार होती, ती दसऱ्याला बाहेर निघायची आणि म्यानातून मात्र कधीच निघायची नाही, गंजून बसली होती. संताजी गिरणीत विणाईच्या खात्यात चौदा वर्षं दोन साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवत होता. त्याच्या कापडात दोष काढून दाखवा, असं मी कोणालाही सांगितलं असतं. धोटा त्याच्या हातात आला की गप्प चालायचा.

त्याचं पोट तेवढं गप्प चालायचं नाही.

महायुद्ध संपलं त्या पावसाळ्यात त्याला मोडशी झाली. आठ दिवसांत उलटी थांबली, ताप गेला, लोक म्हणाले वाचला. पण पोट जे बिघडलं ते बिघडलंच. तीन-तीन दिवस काही नाही, पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. मग चौथ्या दिवशी सकाळी चार वेळा पळापळ. मध्येच पंधरा दिवस अगदी ठीक, इतके ठीक की आपण कधी आजारी होतो हेच खोटं वाटावं. परत एके दिवशी, कारण नाही, काही नाही, पोटात पीळ. जाऊन आला की पीळ सुटायचा, पण पूर्ण सुटल्यासारखं कधी वाटायचं नाही. देवासला त्याच्या मेव्हण्याकडे तो सहा वर्षांत गेला नव्हता, कारण मोटार मध्ये थांबत नाही. परदेशीपुऱ्यापासून गिरणीच्या फाटकापर्यंत कुठं आडोसा आहे, कुठल्या मैदानात बाभळी आहेत, कुठल्या धर्मशाळेचा दरवान ओरडत नाही, हे त्याला पाठ होतं. आम्ही त्या रस्त्यावर पोहेवाले मोजायचो, तो आडोसे मोजायचा.

आणि सल्लागार! इंदूरमध्ये प्रत्येकाला दोन गोष्टींतलं सगळं कळतं, राजकारणातलं आणि दुसऱ्याच्या पोटातलं. एकजण म्हणाला सेव सोड. या शहरात माणसाला सेव सोड म्हणणं म्हणजे श्वास घे पण हवा नको म्हणण्यासारखं, तरी त्यानं सोडली. वैद्य म्हणाले संग्रहणी आहे, ताकावर राहा. राहिला. हकीम म्हणाला ताकानंच झालंय. कोपऱ्यावरची म्हातारी जनाबाई म्हणाली नजर लागली, मिशांना. एवढं करून एकदा लग्नात त्यानं वैतागून तीन कचोऱ्या खाल्ल्या, वर जलेबी, आणि चार दिवस पोट पुजाऱ्यासारखं शांत. पुढच्या आठवड्यात नुसती भाताची पेज घेतली आणि भोंगा व्हायच्या आत दोनदा पळाला. असल्या पोटापुढं वैद्यशास्त्र काय करणार! त्याचं सरकारसारखंच होतं. मध्यभारत राज्य झाल्यापासून राजधानी काही महिने इंदूरला, काही महिने ग्वाल्हेरला, आणि कधी कुठं असेल ते फायलीलाही माहीत नसायचं.

मोठ्या सरकारी दवाखान्यात मात्र एक डॉक्टर शहाणा निघाला. त्यानं तपासण्या केल्या, जंत नाहीत, आव नाही, रक्त नाही. म्हणाला, “आतड्यात काही खराबी नाही. आतडं चिडखोर आहे, एवढंच. घाबरलात, घाई झाली, कोणी टोकलं, की चिडतं. याला गोळी नाही. सांभाळून राहायचं.”

संताजीनं मला हे सांगितलं तेव्हा त्याला फार लाज वाटत होती. मला मात्र डॉक्टरचं बोलणं आवडलं. म्हटलं, “तुझ्या अंगात एक तरी भाग चिडणारा आहे म्हणायचा.”

कारण बाकी संताजी कधी चिडत नव्हता, आणि गिरणीत चिडण्यासारखं रोज होतं. चाळीस साच्यांच्या ओळीला पितळेचा एकच बिल्ला. पाखान्याला जायचं तर तो बिल्ला हातात हवा, नसेल तर दारावरचा पहारेकरी परत पाठवायचा. बिल्ला ओळीवरच्या मुकादमाच्या, म्हणजे जॉबर उदयसिंहच्या टेबलावर. म्हणजे चाळीस माणसांची पोटं एका माणसाच्या टेबलावर ठेवलेली. हा उदयसिंह असा, की माणूस बिल्ला मागायला आला की आधी तोंडाकडे बघायचा, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, मग हसायचा. “क्यों ढवळे, फिर? अभी तो गए थे.” सगळी ओळ ऐकायची. संताजीचं पोट निम्मं त्या हसण्यानंच ढवळून निघायचं. घड्याळ बघायला बसवलेल्या माणसाला स्वतःची दुसरी काही अक्कल लागत नाही, हे त्याच्याकडे बघून कळायचं.

बिल्ल्याबद्दल लढावं म्हणून मी युनियनच्या कचेरीत दत्तोपंतांकडे गेलो. दत्तोपंत आमचे सेक्रेटरी. वकिली शिकलेले, धोतर परीटघडीचं, भाषणात ‘शोषण’ हा शब्द असा म्हणायचे की ऐकणाऱ्याला तहान लागावी. मी म्हटलं, पंत, पाखान्याच्या बिल्ल्याचा प्रश्न आहे.

“कसला?” त्यांनी चष्मा काढला.

“पाखान्याचा.”

“गजानन, हळू बोल. बाहेर बायका आहेत.”

“त्या जात नाहीत काय?”

“अरे, असल्या गोष्टीवर चळवळ उभी राहत नाही. उद्या वर्तमानपत्रात काय छापायचं?” आणि चष्मा परत लावून ते पुढच्या भाषणाला लागले. ज्या पुढाऱ्याला मजुराची भूक दिसते आणि तिच्या पुढचा प्रवास दिसत नाही, त्याचं मजुरांवरचं प्रेम गळ्यापर्यंतच आहे असं मी समजतो. मी तसं त्यांना सांगितलंही. पंधरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

मग एक दिवस संताजीच्या हातात चार्जशीट पडलं.

ते घेऊन तो माझ्याकडे आला, मागं त्याची बायको सखुबाई. सखुबाई त्याच गिरणीत रिळांच्या खात्यात कामाला. नवरा जेवढा गप्प तेवढी ही तोंडाळ. मी कागद वाचला. लिहिलं होतं की मजूर ढवळे हा काम टाळण्यासाठी जाणूनबुजून जुलाब घेतो, तसं त्यानं स्वतःच्या अर्जांत कबूल केलं आहे, गिरणीच्या दवाखान्याची वही तेच सांगते, तेव्हा कामावरून का काढू नये ते चौकशीत सांगावं.

“हे काय आहे?” मी म्हटलं. “तू कबूल केलंस?”

“मी काय केलं? अर्ज तर तूच लिहिलेस.”

ते खरं होतं. गिरणीत अर्ज हिंदीत लागायचा, आणि संताजी मराठी चार इयत्ता शिकलेला. माझी हिंदी मी न्हाव्याच्या दुकानात वर्तमानपत्रं वाचून स्वतः कमावली होती, तिचा मला गर्व होता. गल्लीतले निम्मे अर्ज मी लिहायचो. संताजीचे सात लिहिले होते. पण त्यांत मी कबुली कसली दिली? मी सरळ लिहिलं होतं, जुलाबामुळं आलो नाही. मी म्हटलं, “साल्यांनी बनाव केलाय. चौकशीत बघतो एकेकाला.”

“चौदा वर्षं झाली,” संताजी म्हणाला. “हे साचे गेले तर दुसरी गिरणी घेणार नाही मला. या नावानं तर मुळीच नाही.”

तेवढंच बोलला. उद्या परदेशीपुऱ्यात कोणीही म्हणणार होतं, तो बघ, मुद्दाम हगवण लावून घेणारा. चोरी केली म्हणून काढला असता तरी यापेक्षा बरं.

चौकशी सकाळी दहाला सुरू झाली. टेबलामागं लेबर ऑफिसर, नव्या कोटातला, नुकताच ग्वाल्हेरहून आलेला, बोलताना स्वतःच्याच नखांकडे बघणारा. एका बाजूला उदयसिंह. दुसऱ्या बाजूला गिरणीच्या दवाखान्याचा कंपाउंडर बद्रीलाल, मालव्यातला, गोल, चेहऱ्यावर सदा झोप. मी युनियनतर्फे संताजीचा प्रतिनिधी.

मी उभा राहिलो आणि बिल्ल्यापासून सुरुवात केली. एक बिल्ला, चाळीस माणसं, जॉबरचं हसणं, सगळं. साहेबांनी नखांवरून नजर न काढता ऐकलं. मग म्हणाले, “नेताजी, बिल्ले की बात नहीं है. ये आदमी बीमार है, आप कहते हैं. पौन घंटा हो गया, बड़े आराम से बैठा है. आज इसको कुछ नहीं होता?”

खरंच काही होत नव्हतं. संताजी ताठ बसला होता, सकाळपासून एकदाही उठला नव्हता. रोज जे पोट त्याला भर साच्यावर रडवायचं, ते त्या दिवशी साक्षीला उभंच राहीना. मी मनात त्या पोटाला शिव्या घातल्या.

“रोज होत नाही ना, साहेब,” संताजी हळूच म्हणाला. “कधी होतं, कधी नाही. तेच तर दुखणं.”

“बहुत सुविधा की बीमारी है,” साहेब म्हणाले, आणि उदयसिंह हसला. त्याला हसायला पगार वेगळा मिळत असावा.

मग बद्रीलालनं वही उघडली. बोटानं ओळ धरून वाचायला लागला. अमुक तारीख, ढवळे संताजी, विणाई, रोगी के मांगने पर जुलाब दिया. अमुक तारीख, रोगी के मांगने पर जुलाब दिया. असं अकरा वेळा. दीड वर्षात अकरा वेळा.

मी चाट पडलो. संताजीच्या कानाशी वाकून म्हटलं, “तू जुलाब मागितलास?”

“हो.”

“मागितलास?”

“मग काय खोकल्याचं मागू? जुलाबाचं औषध द्या म्हटलं. त्यानं कडू मिठाचं पाणी दिलं. मी प्यालो.”

“आणि?”

“आणि काय, आधी जरा जास्त व्हायचं. मग दोन दिवस काहीच नाही. म्हटलं, लागू पडलं.”

मला त्या क्षणी त्याचा एवढा राग आला की त्याच्या मिशा उपटाव्यात. मला वाटलं, खरंच हा बावळट स्वतः रेचक पीत होता आणि मला सांगत नव्हता. डोळ्यांसमोर होतं ते मला दिसलं नाही, कारण माझी हिंदी स्वतःची कमावलेली होती.

साहेबांनी वही मिटायला सांगितली. “अब इसकी औरत को बुलाओ. एक ही सवाल है.” सखुबाई त्याच गिरणीची, तिची साक्ष घेता येत होती, आणि नवऱ्याविरुद्ध बायकोच्या तोंडून निघालं की काम संपलं, असा हिशेब होता.

सखुबाई आली, पदर डोक्यावर, हाताला सुताचे तंतू.

“बाई, सच बोलना. तुम्हारा आदमी घर पर भी जुलाब लेता है?”

सखुबाईनं साहेबांकडे असं बघितलं जसं काही त्यांनी तिला विचारलं होतं की तुमच्याकडे ऊन ओलं असतं का.

“लेता है? जुलाब लेता है कौन? साहेब, जुलाब कोई लेता है क्या? जुलाब होते हैं! रात-दिन होते हैं, कभी होते हैं, कभी नहीं होते. लेनेकी चीज है क्या वो, बाजारात मिळते?”

मग बद्रीलाल खुर्चीत पुढं सरकला. त्याच्या चेहऱ्यावरची झोप मी पहिल्यांदाच उतरलेली पाहिली.

“बाई, होते तो दस्त हैं. जुलाब तो लेते हैं, पेट साफ करने कू.”

“दस्त काय ते तुमचं. आम्ही जुलाबच म्हणतो. ज्याला होतात त्याला होतात.”

बद्रीलाल संताजीकडे वळला. “तो भिया, तुमको दस्त लगते थे?”

“तेच तर सांगत होतो ना अकरा वेळा! जुलाब!”

“और मैं जुलाब की दवा देता रिया!” बद्रीलालनं कपाळाला हात लावला. “अरे भिया, मैं तो सोचता था इसका पेट लोहे का है, पीता जाता है, पीता जाता है.”

सखुबाईला अर्थ पोचायला एक श्वास लागला. मग ती जी सुटली! “म्हणजे माझ्या नवऱ्याला आधीच होत होते, आणि तू त्याला वरून आणखी पाजत होतास? अकरा वेळा? आणि वहीत लिहून ठेवत होतास? अरे मेल्या, घोड्यालाही कोणी इतकं पाजत नाही!” बद्रीलाल खुर्चीसकट मागं सरकला. साहेबांनी नखं सोडली आणि हसायला लागले. इतके हसले की चष्मा पुसावा लागला. उदयसिंह साहेबांकडे बघून हसायला लागला, साहेब थांबल्यावर थांबला.

मी हसलो नाही. टेबलावर माझे सात अर्ज पडले होते. प्रत्येकात, माझ्या वळणदार अक्षरात, ‘जुलाब के कारण काम पर उपस्थित न हो सका.’ घेतले का झाले, ते लिहायची मला गरज वाटली नव्हती. मराठीला ते कळतं. हिंदीला जे कळलं ते चार्जशीटवर होतं. बनाव कोणी केलाच नव्हता. संताजीच्या गळ्यात तो धोंडा मी बांधला होता.

साहेबांनी अर्ज उचलले. “और ये? दवाखाने में ग़लतफ़हमी हुई, मान लिया. ये तो लिखा हुआ है. किसने लिखा?”

संताजीनं माझ्याकडे बघितलं नाही. तो समोर भिंतीकडे बघत बसला. नाव सांगणार नव्हता, साचे गेले तरी सांगणार नव्हता, ते मला त्याच्या मानेवरूनच कळलं. ज्याला मी टमरेल केलं होतं, तो माणूस. मी किती वेळ गप्प राहिलो ते मी इथं लिहीत नाही. पण राहिलो.

“मैंने लिखा,” मी म्हटलं. “सातों. मेरी हिंदी ग़लत है. इसकी कोई ग़लती नहीं.”

“नेताजी,” साहेब म्हणाले, “क्रांति बाद में कीजिए. पहले व्याकरण.” उदयसिंह परत हसला. त्या दिवशी तो हसण्याचा हक्क मी त्याला स्वतः दिला होता, म्हणून गिळून घेतलं.

चार्जशीट रद्द झालं. साहेब खुशीत होते, जेवणावर सांगायला गोष्ट मिळाली होती. म्हणाले, ढवळे, और कुछ कहना है? मला वाटलं हात जोडून निघेल. पण संताजी उभा राहिला, सहा फुटाला एक बोट कमी.

“साहेब, वो बिल्ला जॉबर के टेबल से हटाओ. दीवार पे टांगो, खिळ्याला. मागायला लागतो म्हणूनच अर्धं होतं.” मग उदयसिंहकडे न बघता म्हणाला, “और ये हसता है, बाकीचं अर्धं त्यानं होतं.”

साहेबांनी हसतच कागदावर दोन ओळी खरडल्या. दुसऱ्या दिवशी बिल्ला खिळ्यावर आला. वर संताजीला एक लेखी समजही मिळाली, की भविष्यात शब्द विचारपूर्वक वापरावेत. शब्द माझे, समज त्याला. गिरणीचा न्याय असाच असतो.

महिन्याभरानं युनियनच्या सभेत दत्तोपंतांनी भाषणात सांगितलं की मजुरांच्या आरोग्याच्या एका मूलभूत प्रश्नावर संघटनेनं विजय मिळवला आहे. प्रश्न कोणता ते त्यांनी सांगितलं नाही. बाहेर बायका होत्या.

संताजीचं पोट बरं झालं नाही, होणारही नव्हतं. पण बिल्ला भिंतीवर आल्यापासून तो दिवसातून चारदा पळायचा तिथं दोनदा जाऊ लागला, आणि पळत नाही, चालत. कित्येकदा साच्यावरून वळतो, खिळ्याकडे बघतो, बिल्ला आहे हे बघतो आणि परत साच्याला लागतो. बद्रीलाल आता त्याला बेलाचं चूर्ण देतो आणि दर वेळी विचारतो, “भिया, होते हैं कि नहीं होते?” ‘टमरेल’ मी गल्लीत बंद करून टाकलं, एकदोघांशी हाणामारी करून. जे नाव एका विनोदात बसलं ते काढायला दोन शर्ट फाटले.

मागच्या आठवड्यात त्याचे दोन दिवस वाईट गेले, कामावर जाता आलं नाही. अर्ज हवा होता. तो आणि सखुबाई आले. मी नीट बसून लिहिलं, दोनदा वाचलं, आणि त्याच्या हातात दिलं. त्यानं तो तसाच बायकोच्या हातात दिला. सखुबाईला अक्षर येत नाही. तिनं कागद माझ्या नाकासमोर धरला.

“वाचून दाखवा.”

“दस्त लगने के कारण.”

“लगने म्हणजे? घेणं का होणं?”

“होणं.”

“नक्की?”

“नक्की, वहिनी.”

“मागंही तुम्हाला नक्कीच होतं.” तिनं कागद माझ्या खिशात कोंबला. “जा, बद्रीलालला दाखवून आणा. मग सही करतील हे.”

उन्हात मैलभर चालून मी दवाखान्यात गेलो. बद्रीलालनं वाचलं, मान हलवली, आणि ‘लगने’वरची मात्रा मी लिहायची विसरलो होतो ती पेन्सिलनं घालून दिली.